कच्च्या लिंबाचा भिडू

नवा खेळ फोनवर उतरवून घेतला की सगळ्यात आधी भेटतो तो हा. पडदा काळपट होतो, एकच चौकोन उजळ राहतो आणि त्या चौकोनावर कुठूनसा एक पांढरा पंजा येऊन बोट टेकवतो, उचलतो, पुन्हा टेकवतो. शेजारी दोन-चार शब्द असतात : इथे दाबा. आपण दाबलं की तो चौकोन विझतो, पंजा दुसरीकडे सरकतो आणि तिथे बोट टेकवू लागतो. आपण नुसतं पाहत बसलो तरी तो चिडत नाही. फोन बाजूला ठेवून चहा पिऊन आलात आणि पुन्हा उघडलात, तरी त्याचं बोट तिथेच वरखाली होत असतं.

याचं नाव ट्युटोरियल. आमच्या जबलपुरातली पोरं त्याला नावाने हाक मारत नाहीत. ‘ते सुरुवातीचं’ एवढंच म्हणतात आणि अंगठा उजव्या कोपऱ्यात नेतात. तिथे ‘स्किप’ लिहिलेलं असतं. एक टिचकी, आणि पंजा नाहीसा.

मला हा गडी मनापासून आवडतो. खेळात पुढे भेटणारे बाकी सगळे आपल्याला हरवायला टपलेले असतात. हा एकटाच आपण जिंकावं म्हणून उभा असतो. आपल्याला काही येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि ते तो चारचौघांत बोलत नाही. त्याच्यापुढे केलेली चूक मोजली जात नाही. शत्रू येतो तो एकटा येतो, तोही सावकाश. गोळ्या संपत नाहीत, जीव जात नाही. अंगणातल्या खेळात धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घ्यायचे, तीच ही सवलत. कच्चा लिंबू लपंडावात लपायचा, पकडापकडीत पळायचा, आणि सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नसे. त्याला समोर बसवून कुणी नियम घोकून घेत नसे. बघता बघता, पळता पळता त्याला खेळ कळायचा आणि एका संध्याकाळी मोठ्यांपैकी कुणीतरी जाहीर करायचं की आजपासून हा पक्का. ट्युटोरियल हा अशा कच्च्या लिंबाचा भिडू आहे. आता याला पक्का म्हणायचं, हे ज्या भिडूला वेळेवर कळतं तोच चांगला. याच्याबद्दलचं सगळं भांडण त्या वेळेवरून आहे.

भांडण जुनंच आहे. काहींच्या मते खेळ घ्यावा आणि सरळ उडी मारावी. चार वेळा मरावं, पाचव्यांदा कळतं. कुणी बोट धरून फिरवलं तर शोधण्यातली मजाच जाते. इतरांच्या मते खेळ बनवणाऱ्याने काही सांगायला म्हणून हा भिडू ठेवला आहे. त्याचं न ऐकता पुढे गेलात आणि अडलात, तर दोष खेळाला देऊ नका. दोन्ही बाजूंनी खरं बोललं जातं. निकाल लावायचा तर आधी या भिडूचं घराणं पाहायला हवं.

घराण्याचा मूळ पुरुष फार मितभाषी होता. अमेरिकेत १९७१ साली ‘कॉम्प्युटर स्पेस’ नावाचा नाण्यावर चालणारा खेळ आला. यान वळवायचं कसं, पुढे ढकलायचं कसं, मारा कसा करायचा, हे सगळं वाचून घ्यावं लागे. दारूच्या गुत्त्यात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तेवढा धीर नव्हता. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, तो खेळ बनवणाऱ्यांपैकी एक असलेल्या नोलन बुशनेलच्या अटारी कंपनीने ‘पाँग’ आणला. दोन फळ्या, एक ठिपका, आणि पेटीवर खेळण्याबद्दलची महत्त्वाची सूचना एकच : गुण हवे असतील तर चेंडू चुकवू नका. पाँग धो धो चालला. पेटीवरची ती ओळ हा या घराण्यातला सगळ्यात कमी बोलणारा आणि सगळ्यात यशस्वी माणूस.

मग घरी खेळायचे डबे आले आणि त्यांच्यासोबत छापील पुस्तिका आल्या. आपल्याकडे मात्र पुस्तिका फारशा पोहोचल्या नाहीत. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत टीव्हीला जोडलेला खेळ आला तो बहुधा नकली डबा होता. त्यात खोचायची पिवळी किंवा काळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं, आणि आत तेच पाचपन्नास खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा. कागदाचा एक कपटा त्यासोबत नसे. जबलपूर, नागपूर, सोलापूर, कुठेही विचारा. त्या पिढीने मारिओ आणि काँट्रा कुणी न शिकवता शिकून घेतले. ‘आम्हाला कुठे होतं ट्युटोरियल?’ असं ती पिढी आज छाती पुढे काढून म्हणते.

होतं. ते दिसत नव्हतं, एवढंच.

१९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिला टप्पा आठवून पाहा. मारिओ पडद्याच्या डाव्या कडेला उभा असतो आणि उजवीकडे सगळं मोकळं. जायचं कुठे, हे त्या मोकळ्या जागेनेच सांगितलं. थोडं चालताच समोरून एक तपकिरी, भुवया चढवलेला प्राणी येतो. त्याला भिडलात तर जीव जातो, पण नुकसान चार पावलांचंच. म्हणून पुढच्या वेळी उडी मारता. वर प्रश्नचिन्ह असलेली वीट लकाकते. तिला डोकं लागतं आणि अळंबी बाहेर पडते. ती उजवीकडे घरंगळत जाते, हिरव्या नळावर आपटते आणि उलटी फिरून तुमच्याकडे येते. नवखा माणूस घाबरून तिच्यावरून उडी मारायला जातो, तर डोक्यावर विटांचं छत; बऱ्याचदा ती अंगाला लागतेच. आणि मारिओ मोठा होतो. अळंबी चांगली असते, हा धडा असा गळ्यात पडतो. पुढे समोरासमोर दोन जिने लागतात. पहिल्या जोडीच्या मधे जमीन आहे, उडी हुकली तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या जोडीच्या मधे खड्डा आहे. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या दोघांनी हा टप्पा जाणूनबुजून असा रचला होता, आणि पुढे २०१५ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी तो पावलापावलाने उलगडूनही दाखवला. ट्युटोरियल पडद्यावर येत नव्हता, कारण तो पडद्याखाली जमीन होऊन पसरला होता.

मायक्रोसॉफ्टने १९९० साली विंडोज ३.० सोबत दिलेला पत्त्यांचा सॉलिटेअर हाही याच शाखेतला. पत्ता उचलून दुसऱ्या पत्त्यावर नेऊन सोडायचा. सरकारी कचेऱ्यांपासून बँकांपर्यंत माउस कधी हातात न धरलेल्या माणसांची बोटं त्या पत्त्यांनी तयार केली. कुणाला वाटलंही नाही की आपण काही शिकतो आहोत.

तेव्हा ‘शिकवल्याशिवाय शिकलो’ हे म्हणणं नीट तपासून घ्यावं लागतं. तपासायला जबलपूरइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण आज जगभर खेळला जाणारा एक खेळ इथे, शिकवायला कुणीही नसताना जन्मला.

१८७५ चा पावसाळा. जबलपूरच्या छावणीत डेव्हनशायर रेजिमेंट मुक्कामाला होती. बाहेर पाऊस, आणि अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बिलियर्ड्सचं टेबल. त्यांच्यातला एक नेव्हिल चेंबरलेन, वय १९. (पुढे पंतप्रधान झालेला तो हा नव्हे.) पिरॅमिड्स, लाइफ पूल, ब्लॅक पूल असे खेळ त्या टेबलावर पैजा लावून चालत. चेंबरलेनने पिरॅमिड्समधले १५ लाल चेंडू, ब्लॅक पूलमधला काळा आणि आणखी काही रंगीत चेंडू असे एकत्र मांडून पाहिले. डाव रंगला. एका दिवशी पाहुणा म्हणून आलेल्या तरुण तोफखाना अधिकाऱ्याने बोलता बोलता सांगितलं की वूलिचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या नवशिक्या कॅडेटला ‘स्नूकर’ म्हणतात. थोड्या वेळाने खेळणाऱ्यांपैकी एकाचा कोपऱ्यातल्या पॉकेटजवळचा सोपा चेंडू हुकला. तू तर अगदी स्नूकर निघालास, असं चेंबरलेन बोलून गेला. मग त्या गड्याला वाईट वाटू नये म्हणून त्यानेच सावरून घेतलं : या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत, तेव्हा खेळाचं नावही तेच ठेवू. ही हकीगत पुढे १९३८ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, सर नेव्हिल चेंबरलेन यांनी ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून स्वतःच सांगितली. कारण तोवर या खेळाचा जन्म इंग्लंडात झाल्याचं कुणीतरी छापलं होतं. लेखक कॉम्प्टन मॅकेंझी यांनी त्यांची बाजू घेतली आणि जबलपूरचा हक्क कायम झाला.

त्या मेसमध्ये सगळेच कच्चे लिंबू होते आणि भिडू एकही नव्हता. म्हणजे स्किपवाल्यांचा विजय? तसं दिसतं खरं. पण त्या मुलांच्या हातांकडे बघा. बिलियर्ड्सच्या टेबलावर त्यांनी कित्येक संध्याकाळी घालवल्या होत्या. क्यू कसा धरायचा, पांढऱ्या चेंडूला मध्ये मारलं तर काय होतं आणि बाजूला मारलं तर काय, कुशनवरून चेंडू कोणत्या कोनात परततो, हे सगळं त्यांच्या मनगटात आधीच मुरलेलं होतं. शिकवणी त्यांनी टाळली नव्हती, दुसऱ्या खेळात उरकून आले होते. आज नवा बंदुकांचा खेळ उघडून डोळे मिटून स्किप दाबणारा पोरगाही तसाच असतो. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने मान वळवायची, खाली बसलं की नेम स्थिर राहतो, हे त्याने मागच्या पाच खेळांत शिकलेलं असतं.

आता याच गोष्टीचा पुढचा भाग. पहिली काही वर्षं स्नूकर तोंडी चालला. नियम बदलत राहिले, चेंडू वाढत राहिले. पुढे चेंबरलेन मद्रासचे सेनापती सर फ्रेडरिक रॉबर्ट्स यांच्या हाताखाली गेले, उन्हाळ्यात उटीला राहू लागले, आणि १८८२ मध्ये नियम लिहून उटी क्लबच्या बिलियर्ड्सच्या खोलीत लावले गेले. जन्म जबलपूरचा, शिकवणीचा कागद उटीचा, आणि मधे सात वर्षं. मग १८८५ मध्ये इंग्लंडचा बिलियर्ड्समधला सर्वश्रेष्ठ खेळाडू जॉन रॉबर्ट्स धाकटा कलकत्त्याला आला. कूचबिहारच्या महाराजांसोबतच्या जेवणाच्या वेळी त्याची आणि चेंबरलेन यांची गाठ पडली. रॉबर्ट्सने स्नूकरचे नियम त्यांच्याकडून समजावून घेतले आणि तो खेळ इंग्लंडला नेला.

मला या भेटीत सगळ्या भांडणाचा निकाल दिसतो. क्यू धरण्यात रॉबर्ट्सला शिकवू शकेल असा माणूस त्या काळी पृथ्वीवर सापडला नसता. तरी त्याने नियम विचारले. लाल घातला की एक गुण, मग रंगीत; रंगीत चेंडू पुन्हा जागेवर ठेवायचा, लाल मात्र पॉकेटात गेला तो गेला; हे कितीही कसलेल्या मनगटाला आपोआप कळत नाही. हात आधीच्या खेळातून सोबत येतो, नियम येत नाही. हाताचा धडा टाळावा. नियमाचा टाळू नये.

ट्युटोरियलची पंचाईत अशी, की हे दोन्ही धडे त्याच्याकडे एकाच पिशवीत बांधून दिलेले असतात. समोर कोण उभं आहे हे त्याला दिसत नाही. चाळीस खेळ पालथे घातलेल्या पोरालाही तो ‘चालण्यासाठी हे दाबा’ पासून सुरुवात करून देतो. पोरगा वैतागतो, स्किप दाबतो, आणि सोबत ती एक गोष्टही निसटते जी फक्त याच खेळात आहे. मग दोन तासांनी तो अडतो आणि यूट्यूबवर जाऊन कुणा अनोळखी माणसाकडून तीच गोष्ट वीस मिनिटांच्या व्हिडिओत शिकतो. आम्ही इथे ‘काय बड्डे, अटक गए?’ (काय दादा, अडलास ना?) असं म्हणतो ते याच वेळी.

समोर कोण आहे ते पाहणारा भिडू पाहायचा असेल तर स्नूकर पार्लरात जावं. जबलपुरातल्या कुठल्याही बऱ्या पार्लरात एक मार्कर असतो. गुण मोजणं, पॉकेटातून काढलेला रंगीत चेंडू ब्रशने धुळीचा कण उडवून ठिपक्यावर ठेवणं, फाउल सांगणं, हे त्याचं काम. शिकवणं हे त्याचं काम नाही, पण शिकवतो तोच. नवा पोरगा आला की मार्कर आधी काहीच बोलत नाही. दोन फटके होऊ देतो. पोरगा सबंध हाताने क्यू ढकलतो, चेंडू उडतो. मग मार्कर जवळ येतो, पोराचा डावा पंजा कापडावर टेकवतो, बोटं फाकवतो, अंगठा वर उचलून तर्जनीला चिकटवतो. त्या दोघांमध्ये जी खाच पडते तिच्यात क्यू ठेवतो. ‘कोहनी हिलाओ बड्डे, कंधा नहीं.’ एवढंच. आणि पुन्हा आपल्या गुणफलकापाशी. पोरगा पुढच्या फटक्याला नीट वाकतो. मार्कर बघतो, मान हलवत नाही, शाबासकी देत नाही. पोराला पुढचा धडा लागेल तेव्हा तो येईल. आणि ज्याचा हात तयार आहे असा कुणी आला, तर मार्कर त्याला फक्त एवढं विचारतो की इथल्या पैजेचा नियम माहीत आहे ना.

फोनवरच्या पूलच्या खेळात हा मार्कर एका रेषेच्या रूपाने भेटतो. नेम धरला की पांढऱ्या चेंडूपासून एक बारीक रेघ निघते आणि चेंडू कुठे लागेल, लागल्यावर कुठे जाईल ते दाखवते. नवख्याला ती फार आधाराची. काही टेबलांवर ती काढूनच घेतलेली असते, आणि तिथे गेल्यावर कळतं की इतके दिवस आपण कोन पाहत नव्हतो, रेघ पाहत होतो. कायमचा राहिलेला भिडू असं नुकसान करतो. इथे उडी मारणाऱ्या तटाचं म्हणणं मी पूर्ण मान्य करते.

घराण्यात वाईट माणसंही निघाली. १९९९ चा ‘ड्रायव्हर’ हा गाडी पळवण्याचा खेळ ज्यांनी प्लेस्टेशनवर लावला त्यांना आधी एका तळघरातल्या वाहनतळात नेलं जाई. साठ सेकंद. तेवढ्यात टायर जाळून दाखव, हँडब्रेक लावून गाडी फिरव, खांबांमधून नागमोडी काढ, उलटी पळवून गर्रकन सुलटी कर, अशी यादी. नाही जमलं तर पुन्हा. त्या वाहनतळातून बाहेर न पडता खेळ सोडून दिलेले लोक जगभर आहेत. तो ट्युटोरियल मुळी शिकवतच नव्हता. तो परीक्षा घेत होता, आणि तीही दारात. त्याला कुणी टाळलं असतं तर मी त्याचा हात धरला नसता.

दुसरा एक आहे, तो जास्त घातक. कित्येक फुकट मोबाइल खेळांत तो पांढरा पंजा सुरुवातीला रत्नं किंवा नाणी हातात देतो, एक इमारत बांधायला लावतो, आणि ती पूर्ण व्हायला वेळ लागत असताना बोट त्या रत्नांवर टेकवतो : हे खर्च करा, लगेच होईल. दुसरीकडे कुठे बोट लावूच देत नाही. मुलाला वाटतं हा खेळाचा नियम. खरं तर दुकानाची वाट त्याच्या अंगठ्यात घातली जात असते. रत्नं संपल्यावर तोच अंगठा आईच्या यूपीआयकडे वळतो. याने भिडूचा वेश घेतला आहे, आतून हा दुकानदार आहे. घरात लहान मूल असेल तर हा भाग मुलाशेजारी बसून पाहावा आणि त्याला नाव घेऊन सांगावं की इथे तुला खर्च करायला शिकवत आहेत. यापेक्षा उपयोगी सल्ला या सबंध विषयात माझ्याकडे नाही.

एरवी ट्युटोरियलने खरंच काही फरक पडतो का, हे मोजूनही पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तीन खेळ घेतले आणि ४५,००० हून अधिक खेळाडूंना वेगवेगळ्या तऱ्हांचे ट्युटोरियल देऊन, काहींना अजिबात न देता, ते किती वेळ टिकतात ते पाहिलं. दोन सोप्या खेळांत ट्युटोरियल असण्या-नसण्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही; थोडं इकडेतिकडे करून लोकांना कळलं. तिसरा ‘फोल्डइट’, प्रथिनांच्या साखळ्या दुमडण्याचा अवघड खेळ. तिथे ट्युटोरियल मिळालेले लोक २९ टक्क्यांपर्यंत जास्त वेळ खेळले. उजवीकडे चालणं माणूस स्वतः शोधतो. प्रथिन कसं दुमडावं हे आधीच्या कुठल्याच खेळाने त्याच्या अंगठ्यात घातलेलं नसतं. मेस आणि कलकत्त्याचं जेवण यांतला फरक आकड्यांत हा असा निघाला.

आणि ज्यांच्याजवळ आधीचा कुठलाच खेळ नाही, त्यांचं काय? ‘प्लँट्स व्हर्सेस झाँबीज’ हा २००९ चा खेळ बनवणारे जॉर्ज फॅन यांनी हा प्रश्न आपल्या आईवरून स्वतःला विचारला. आपल्या आईला हा खेळ शेवटापर्यंत खेळता आला पाहिजे, या हिशेबाने त्यांनी शिकवणी रचली आणि २०१२ मध्ये खेळ बनवणाऱ्यांच्या मोठ्या परिषदेत त्याबद्दल व्याख्यान दिलं. त्यातला एक दंडक मला फार महत्त्वाचा वाटतो : एका वेळी पडद्यावर आठापेक्षा जास्त शब्द नकोत. वाचायला लावू नका, करायला लावा. आणि सगळं पहिल्याच दिवशी सांगू नका. गरज पडेल तसं, डाव पुढे सरकेल तसं सांगा.

आपल्याकडे या आठ शब्दांना आणखी एक अट लागते, ती भाषेची. बहुतेक खेळांतला भिडू इंग्रजीत बोलतो. मराठी घरातल्या सत्तरीच्या बाईला ‘इथे दाबा’ कळतं, ‘टॅप हिअर टू कंटिन्यू’ कळेलच असं नाही. ती स्किप दाबते ती आत्मविश्वासाने नव्हे. पडद्यावर जे काही आलं आहे ते जावं म्हणून. आपल्याकडे मराठीत खेळ बनवणारी मुलं आता पुण्या-मुंबईत आहेत. त्यांना माझी विनंती आहे की खेळाचं नाव मराठी ठेवलं नाही तरी चालेल, पण हा पहिला भिडू तेवढा मराठीत बोलू द्या.

जबलपुरात आमच्या राइट टाउनच्या घरात आईने गेल्या वर्षी रंगीत गोळ्या जुळवायचा खेळ उघडला. चष्मा नाकावर सरकवला, पंजाने दाखवलेल्या गोळीवर बोट ठेवलं, बाजूला सरकवलं, तीन गोळ्या फुटल्या. ती हसली. पंजा दुसऱ्या गोळीवर गेला. तेवढ्यात शेजारून माझा भाचा वाकला. ‘आजी, दे इकडे, हे सगळं बोअर असतं, मी पटकन स्किप करून देतो.’ केलं त्याने. प्रेमानेच केलं. समोर भरलेला पट आला, वर आकडे, खाली हातोडी आणि बाणांची चित्रं, आणि कुणाचंच बोट कुठेही नाही. आई थोडा वेळ पाहत राहिली आणि ‘हे मला नाही जमायचं गं’ म्हणून तिने फोन ठेवून दिला. भाच्याला काय झालं ते कळलंच नाही. त्याच्या अंगठ्याला ज्याची गरज उरली नव्हती ते त्याने तिच्याकडूनही काढून घेतलं होतं. मग आम्ही खेळ काढून टाकून पुन्हा उतरवला आणि पंजा परत आला. आता ती माझ्याहून पुढच्या पातळीवर आहे.

म्हणून माझा कौल असा. पाच-सहा खेळ खेळलेल्या माणसाने चालण्या-पळण्याचा धडा खुशाल टाळावा. ज्या खेळात अनोळखी नियम आहे तिथे थांबून तो ऐकावा, रॉबर्ट्सने ऐकला तसा. दुसऱ्यांच्या सोबतीने, चौघांच्या चमूत खेळायचं असेल तर न शिकता उतरू नये, कारण तिथे आपल्या चुकीचं राज्य तिघांवर येतं. जो ट्युटोरियल पैसे खर्च करायला शिकवतो त्याला एक क्षणही देऊ नये. आणि खेळ बनवणाऱ्यांनी स्किपचं बटण कधी काढून घेऊ नये. फक्त टाळलेला धडा नंतर हवासा वाटला तर तो कुठे सापडेल ते मुख्य पानावर ठळक लिहावं. कित्येक खेळांत तो सेटिंग्जच्या तिसऱ्या पानावर दडवलेला असतो, कित्येकांत नसतोच.

आणि घरातल्या पोरांना एकच सांगणं आहे. आजी, आजोबा, आई, कामाला येणाऱ्या मावशी, कुणीही पहिल्यांदा खेळ उघडून बसलं असेल तर त्यांच्या हातातून फोन घेऊन स्किप दाबू नका. शेजारी बसा, विचारलं तर सांगा, पण फोन त्यांच्याच हातात राहू द्या. टाळायचं की नाही हे त्यांचं तेच ठरवतील.